गावच्या रस्त्याला सरकारी निधी हवा असेल, तर आमदारांच्या पत्राआधी हे करा

रस्त्याचा विषय निघाला की गावाची पहिली धाव लोकप्रतिनिधीच्या पत्रासाठी असते. पत्र मिळते, अर्जाला जोडले जाते, आणि काही महिन्यांनी फाईल परत येते. शेरा बहुतेक एकच असतो: 'जागा उपलब्धतेचा पुरावा नाही'. गाव म्हणते निधी नाही, कार्यालय म्हणते कागद नाहीत, आणि पावसाळा पुन्हा चिखलात जातो.

ग्रामपंचायत सदस्य म्हणून मी या फाईलींमागे बरीच वर्षे फिरलो. रस्ता बहुतेक वेळा निधीपायी अडत नाही. तो सरकारी दफ्तरात रस्ता म्हणून नोंदलेलाच नसतो, म्हणून अडतो. त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी रस्त्याची ओळख, मग जागा, मग ठराव, मग निधी. लोक नेमका उलटा क्रम धरतात. पुढचे टप्पे महाराष्ट्रातल्या पाणंद (शेतांकडे जाणारी वाट), शिवरस्ता (गावाच्या शिवेवरचा रस्ता), वस्ती-वाडीचा रस्ता आणि ग्रामीण मार्ग यांच्यासाठी आहेत.

टप्पा १ : रस्ता आधी कागदावर शोधा

तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रमाणित प्रत काढा. मोबाईलवरचा नकाशा पाहायला ठीक आहे, फाईलला चालत नाही. नकाशावर रेषा ओळखा. दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, त्याची रुंदी साधारण साडेसोळा ते एकवीस फूट धरली जाते. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फुटांचा. हा फरक मोठा आहे. पायमार्गावर ट्रॅक्टर जाईल असा रस्ता करायचा, तर वाढीव जागा शेजारच्या शेतकऱ्यांकडून घ्यावीच लागते.

गावात जमिनींचे एकत्रीकरण (तुकडे जोडून गट पाडणे) झाले असेल, तर जुना सर्व्हे नंबरचा नकाशा आणि नंतरचा गटांचा नकाशा असे दोन्ही मागा. जुन्या नकाशातली गाडीवाट गटांच्या नकाशात गायब झालेली मी पाहिली आहे. अशा वेळी जुनी प्रतच तुमचा आधार ठरते.

नकाशात काहीच सापडले नाही, तरी हताश होऊ नका. आणखी तीन ठिकाणी बघा.

- वाजिब-उल-अर्ज. गावच्या वहिवाटीचे हक्क यात नोंदलेले असतात (महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, कलम १६५). तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळते. शेतावर जाणाऱ्या जुन्या वाटा बऱ्याचदा इथेच सापडतात.
- ग्रामपंचायतीचा नमुना २३, म्हणजे ताब्यातील रस्त्यांची नोंदवही.
- जिल्हा परिषद बांधकाम विभागाची रस्त्यांची यादी. तुमच्या रस्त्याला ग्रामीण मार्ग क्रमांक आहे का, ते इथे कळते.

२०२५ साली महसूल विभागाने शिवारफेरी काढून गावोगावच्या रस्त्यांच्या याद्या करण्याची आणि त्यांना सांकेतांक देण्याची मोहीम घेतली. तुमचा रस्ता त्या यादीत आला का, हे ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्या तलाठ्यांना, विचारा. राहिला असेल तर आजच अर्ज द्या आणि पोच घ्या.

इथे थांबून पाहा: हातात नकाशाची प्रत, वाजिब-उल-अर्जाचा उतारा, नमुना २३ चा उतारा किंवा ग्रामीण मार्ग क्रमांक, यांपैकी किमान एक कागद आहे का? एकही नसेल, तर रस्ता खासगी जमिनीतून जातो असे धरून पुढचा टप्पा वाचा.

टप्पा २ : फीता घेऊन रस्ता चाला, मग वाट मोकळी करा

कागद मिळाले की रस्त्यावर जा. आमच्या पाणंदीची नकाशावरची रुंदी साडेसोळा फूट. तलाठी आणि मी फीता धरून चाललो. गावाजवळ चौदा फूट भरली, विहिरीच्या वळणावर अकरा, आणि ओढ्यापाशी सात. तिथे एका बाजूला निवडुंगाचे कुंपण, दुसऱ्या बाजूला तुरीची ओळ, आणि मधून एका बैलगाडीची चाकोरी. कोणी एका रात्रीत रस्ता खाल्ला नव्हता. दरवर्षी नांगरताना दोन्हीकडचे बांध वीतभर पुढे सरकत आले होते. त्या दिवशी दर शंभर पावलांवरची रुंदी वहीत लिहिली, समोर कोणाचा गट येतो तेही लिहिले. पुढे तीच वही सगळ्यात कामाला आली, कारण वाद 'रस्ता आहे की नाही' यावरून 'इथे किती फूट कमी आहे' यावर आला.

यानंतर कायद्याचा रस्ता निवडायचा, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

चालू वहिवाट कोणी अडवली असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५. दावा तहसीलदारांपुढे चालतो. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो.

शेताला वाटच नसेल आणि दुसऱ्यांच्या बांधावरून नवी हवी असेल तर जमीन महसूल संहितेचे कलम १४३. यात रस्ता बांधावरून दिला जातो, कोणाच्या शेताच्या मधून नाही. तहसीलदारांचा निर्णय मान्य नसलेल्याला एका वर्षात दिवाणी दावा करता येतो.

नकाशावरच्या सार्वजनिक रस्त्यावर अतिक्रमण असेल तर वरच्या दोन्हींची गरज नाही. सार्वजनिक रस्त्याची जमीन संहितेच्या कलम २० प्रमाणे शासनाची असते. मोजणी करून महसूल खात्यामार्फत अतिक्रमण निघू शकते. गावठाणातल्या किंवा ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यावर ग्रामपंचायतीलाच ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली अधिकार आहे.

सावधान: नवी वाट मागताना कलम ५ लावले किंवा अडवलेल्या जुन्या वाटेसाठी १४३ लावले, की प्रकरण फेटाळले जाते. तोवर सहा महिन्यांची मुदत निघून गेलेली असते. अर्ज लिहिण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: ही वाट आधी वापरात होती का?

आता संमतीबद्दल. गावकीत बसून सामोपचाराने जागा मिळत असेल, तर त्यासारखे उत्तम नाही. कोर्टकचेरीत दोन पिढ्या बोलत नाहीत, हे गावोगावी दिसते. पण तोंडी संमतीवर मशीन लावू नका. सातबाऱ्यावर जितकी नावे, तितक्या सह्या हव्यात. थोरल्या भावाने 'हो' म्हटले आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणीचे नाव उताऱ्यावर राहिले असेल, तर तिचीही सही घ्या. गटाच्या कोणत्या बाजूने, किती मीटर लांब, किती रुंद, हे संमतिपत्रात लिहा आणि हातनकाशा जोडा. स्टॅम्पवरचे संमतिपत्र फाईलपुरते काम भागवते, पण शेत विकले गेले की नवा मालक हात वर करतो. म्हणून नोंदणीकृत दस्त करा, निदान सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' सदरी रस्त्याची नोंद करून घ्या. मे २०२५ च्या शासन निर्णयातही शेतरस्ता शक्यतो तीन ते चार मीटर रुंद ठेवावा आणि त्याची नोंद 'इतर हक्क' सदरी घ्यावी असेच म्हटले आहे.

रस्त्यात वनजमीन येत असेल, तर फाईल पाच वर्षे पडून राहील असे समजून बसू नका. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) मध्ये रस्त्यासारख्या सार्वजनिक सोयीसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते. अट अशी की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. सहा मीटर रुंदीचा हिशेब धरला, तर हे साधारण दीड किलोमीटरहून थोडे जास्त होते. बहुतेक वाड्यावस्त्यांचे काम यात बसते. ग्रामसभेचा हा ठराव रस्त्याच्या ठरावापेक्षा वेगळा लिहा.

इथे थांबून पाहा: सुरुवातीच्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत प्रत्येक गटापुढे 'नकाशातील रस्ता', 'संमती', 'आदेश' किंवा 'वन' यांपैकी एक शब्द लिहिता येतो का? एकही गट कोरा राहिला, तर काम मंजूर होऊनही तिथेच थांबेल.

टप्पा ३ : ग्रामसभेचा ठराव

'गावातील रस्ते करण्यात यावेत' असा ठराव निरुपयोगी आहे. त्यावर कोणीही अंदाजपत्रक करू शकत नाही. ठरावात रस्त्याचे नाव, दोन्ही टोके, गट क्रमांक आणि लांबी हवी. नमुना असा (साखळी क्रमांक म्हणजे सुरुवातीच्या टोकापासूनचे अंतर, किलोमीटर/मीटरमध्ये):

'मौजे … येथील मारुती मंदिर ते गट क्र. … मधील … वस्ती हा गावनकाशातील गाडीमार्ग, साखळी क्र. ०/००० ते १/२००, या रस्त्याचे खडीकरण मोऱ्यांसह करण्यास, तसेच हे काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात समाविष्ट करण्यास मान्यता देण्यात येत आहे. सदर काम अन्य कोणत्याही योजनेतून मंजूर किंवा पूर्ण झालेले नाही.'

शेवटचे वाक्य विसरू नका. एकाच रस्त्याची दोन योजनांतून मागणी निघाली, की दोन्ही फाईली अडकतात.

आणि एकदा ठरलेले नाव शेवटपर्यंत तेच ठेवा. ठरावात 'मारुती मंदिर ते वस्ती', अंदाजपत्रकात 'पाणंद क्र. २', पत्रात 'गाव ते वस्ती रस्ता' असे लिहिले, तर तपासणाऱ्याला ती तीन वेगळी कामे वाटतात. माझी स्वतःची एक फाईल एवढ्याच कारणाने परत आली होती. एक शब्द बदलायला चार महिने लागले.

गणपूर्तीही तपासा. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतली जी संख्या कमी असेल, तेवढी उपस्थिती हवी. हजेरीच्या सह्या त्याच दिवशी घ्या. विरोधी गटाने पुढे तक्रार केली, तर पहिल्यांदा हजेरीपुस्तक मागवले जाते.

टप्पा ४ : कोणता निधी, ते आता ठरवा

प्रत्येक निधीची पात्रता वेगळी आहे. चुकीच्या दारात उभे राहिलात, तर एक आर्थिक वर्ष गेले असे समजा.

वस्तीला बारमाही रस्ताच नसेल, तर आधी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना पाहा. तिचा चौथा टप्पा २०२४-२५ ते २०२८-२९ असा आहे. देशभरातल्या २५,००० वस्त्यांसाठी ६२,५०० किलोमीटर रस्ते त्यात धरले आहेत. सपाट भागात ५०० आणि राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी क्षेत्रात किंवा आकांक्षित तालुक्यात २५० लोकसंख्या लागते, तीही २०११ च्या जनगणनेची. आज वस्ती सहाशेवर गेली असली, तरी २०११ चा आकडाच मोजला जातो. या योजनेतून जमिनीचा मोबदला मिळत नाही, म्हणून टप्पा २ पुरा झालेला असणे इथे फार मोलाचे ठरते.

रस्ता आधीच ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग असेल, तर जिल्हा नियोजन समितीचा निधी, लेखाशीर्ष (सरकारी खर्चाचे ठरावीक खाते) ३०५४ आणि ५०५४. काम जिल्हा परिषदेकडून होते. क्रमांक नसलेला रस्ता सहसा इथे बसत नाही. आधी जिल्हा परिषदेकडून तो रस्ता यादीत घ्यावा लागतो.

गावांतर्गत रस्त्यांसाठी लेखाशीर्ष २५१५, म्हणजे लोकप्रतिनिधींनी सुचवलेली ग्रामीण विकासाची कामे, आणि आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी. लोकप्रतिनिधीचे पत्र लागते ते इथे. जागा मात्र इथेही सार्वजनिकच हवी.

वस्त्यांसाठीच्या योजना गावे विसरतात, याचे मला फार वाईट वाटते. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकास, ठक्कर बाप्पा आदिवासी वस्ती सुधारणा, वसंतराव नाईक तांडा वस्ती सुधार, डोंगरी विकास कार्यक्रम. ज्या वस्तीला रस्त्याची सर्वांत जास्त गरज, तिच्यासाठी वेगळा निधी ठेवलेला असतो, आणि मागणीच जात नाही म्हणून तो दुसऱ्या गावाला जातो.

पाणंद रस्त्यांसाठी ११ नोव्हेंबर २०२१ च्या शासन निर्णयाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आली. ती रोजगार हमीशी जोडलेली होती. त्यामुळे मजुरी आणि साहित्य यांचे ६०:४० प्रमाण जपण्यातच अनेक कामे रखडली. खडीकरणात साहित्याचा खर्च जास्त, मजुरीचा कमी. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राने रोजगार हमीचा कायदाच बदलला आहे. तेव्हा प्रस्ताव करण्याआधी पंचायत समितीच्या रोजगार हमी (रोहयो) कक्षातून चालू मापदंड लेखी घ्या. गेल्या वर्षी शेजारच्या गावाने केला तसाच प्रस्ताव उतरवून काढू नका.

वित्त आयोगाचा अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेला) निधी लहान मोरी किंवा खचलेल्या तुकड्यासाठी योग्य. अख्खा रस्ता त्यात बसवायला गेलात, तर दोनशे मीटरवर पैसे संपतात.

टप्पा ५ : अंदाजपत्रक

शाखा अभियंत्याला रस्त्यावर आणा. कार्यालयात बसून काढलेल्या अंदाजपत्रकात मोऱ्या राहतात. तुम्ही त्यांना पाणी दाखवा: ओढा कुठे भरतो, कोणाच्या शेतातून लोट येतो, चिखल कुठे सर्वांत जास्त दिवस राहतो. शक्य असेल तर पावसाळ्यातले फोटो तारखेसह जपून ठेवा, मार्चमध्ये कोरड्या रस्त्यावर ते सांगून पटत नाही.

अंदाजपत्रक चालू दरसूचीवर आहे ना, त्यात मोऱ्या, दोन्ही बाजूंच्या चारी, मुरमाची रॉयल्टी, चाचण्यांचा खर्च, जीएसटी आणि माहितीफलक आहेत ना, हे पाहा. काळ्या जमिनीत नुसती खडी टाकली, तर पहिल्या पावसात ती मातीत बुडते. वरची काळी माती काढून खाली मुरमाचा थर हवाच. पैसे कमी असतील, तर लांबी कमी करा, थर कमी करू नका. पाचशे मीटर पक्का रस्ता पुढच्या वर्षी वाढवता येतो. दीड किलोमीटर कच्चा रस्ता मात्र पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून मागावा लागतो, आणि 'काम झालेले आहे' म्हणून तो मिळत नाही.

सावधान: निविदेची मर्यादा चुकवण्यासाठी एकाच रस्त्याचे तुकडे पाडू नका. लेखापरीक्षणात हा आक्षेप हमखास निघतो आणि सरपंच-ग्रामसेवकांवर वसुली लागू शकते.

टप्पा ६ : फाईल आणि मंजुरीचा क्रम

फाईलमध्ये वरपासून असे लावा: मागणीपत्र, ठराव, नकाशाची प्रत, गटवार जागेचा तक्ता, संमतिपत्रे वा आदेश, अन्य योजनेत काम नसल्याचा दाखला, अक्षांश-रेखांशासह फोटो, अंदाजपत्रक. प्रत्येक पानाला क्रमांक द्या. पूर्ण संचाची झेरॉक्स घरी ठेवा आणि आवक क्रमांक टाकून पोच घ्या. पोच नसेल, तर फाईल दिलीच नाही असे समजा.

पुढे प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि शेवटी कार्यारंभ आदेश. प्रशासकीय मान्यता म्हणजे पैसे आले असे नव्हे. कार्यारंभ आदेश हाती येण्याआधी हौसेने मुरूम टाकून घेतला, तर त्याचे बिल निघत नाही आणि मूळ कामाची मोजमापेही बिघडतात. जिल्ह्याची वार्षिक यादी ठरण्याआधी, म्हणजे दिवाळीच्या आत, फाईल पूर्ण हवी. फेब्रुवारीत धावणाऱ्याला मार्चअखेरच्या गर्दीत कोणी विचारत नाही.

टप्पा ७ : काम चालू असताना गावाने काय पाहायचे

अंदाजपत्रकाची प्रत मागून घ्या. ती तुमचा हक्क आहे. तुम्ही अभियंता नसलात तरी करता येतील अशा तपासण्या:

मुरमाच्या खेपा मोजा. ३.७५ मीटर रुंद, एक किलोमीटर लांब आणि दाबून १५ सेंटीमीटर थर म्हणजे साधारण ५६२ घनमीटर, सुमारे २०० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). दाबल्यावर पाचवा हिस्सा बसतो, म्हणजे सैल मुरूम २५० ब्रासच्या आसपास यायला हवा. तीन ब्रासच्या टिपरने ऐंशीहून जास्त खेपा झाल्या पाहिजेत. चाळीस खेपांत रस्ता 'पूर्ण' झाला, तर थर अर्धा आहे.

पाणी मारून रोलर फिरतो का, ते पाहा. कोरड्या मुरमावर रोलर फिरवला, तर वरून गुळगुळीत दिसतो, पण आतून पोकळ राहतो.

रस्ता मध्ये उंच हवा. तीन मीटर रुंदीला चार टक्के उतार धरला, तर कडेपेक्षा मध्य सहा सेंटीमीटर वर येतो. दोरी आडवी ताणून पट्टीने मोजा.

मोरीचे नळ ओढ्याच्या तळाला बसवले आहेत की वर, हे माती लोटण्याआधी पाहा. नळ वर बसला, की पाणी रस्त्यावरून जाते.

कमी आढळले तर गुत्तेदाराशी (ठेकेदाराशी) रस्त्यावर भांडू नका. तारीख, साखळी क्रमांक आणि फोटो लावून उपअभियंत्यांना त्याच दिवशी लेखी द्या, बिल निघण्याच्या आत. मोजमाप पुस्तिकेत नोंद झाल्यावर बोलण्याला फार अर्थ उरत नाही.

टप्पा ८ : काम संपल्यावर

पूर्णत्वाचा दाखला आला, की रस्ता नमुना २३ मध्ये लांबी-रुंदीसह चढवा आणि ग्रामीण मार्ग क्रमांकासाठी जिल्हा परिषदेकडे ठराव पाठवा. क्रमांक नसेल, तर पुढे दुरुस्तीचा निधी जिल्ह्याच्या शीर्षांत सहसा बसत नाही. ग्रामसडक योजनेच्या रस्त्याची पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराच्याच करारात असते. ती तारीख फलकावर लिहिलेली असते, ती वहीत उतरवून ठेवा आणि खड्डा पडला की मुदतीत तक्रार करा.

दरवर्षी मे महिन्यात एक दिवस काढून मोऱ्यांच्या नळांतला गाळ काढा आणि चारी मोकळ्या करा. नांगरणीच्या वेळी फीता घेऊन पुन्हा एकदा रुंदी मोजा आणि जुन्या वहीशी ताडून पाहा. बांध वीतभर पुढे आला असेल, तर त्याच आठवड्यात त्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन बोला.